ती मोकळी फेरी

ज्वारी निसवायला लागली की आमच्या राणीसावरगावच्या शिवारात एक वास सुटतो. रात्रभर धुकं अंगावर घेऊन उभ्या राहिलेल्या पाल्याचा, जरासा गोडसर. परवा सकाळी तो अंगणापर्यंत आला आणि मी झाडू हातात धरून तशीच थांबले. माझ्या थोरल्या जाऊबाई ओट्यावर ऊन खात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "येळवस आली की गं कुसमे. आंबलीला ताक जमवाय पायजे."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षाची. आमच्याकडं त्या दिवशी घराला कुलूप आणि सगळं गाव शेतात.

मी हो म्हटलं, पण माझं लक्ष गोठ्याकडं गेलं. गोठ्यात आता जनावर नाही. तिथं ताडपत्रीखाली माझी गाडी उभी होती. पांढरी, लहान, डाव्या दाराला पोचा आलेली. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी माझी भाची निलू येऊन ती पुण्याला नेणार, असं ठरलं होतं. मीच हो म्हणाले. मला काचबिंदू आहे, आणि स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितल्याला दोन वर्षं होत आली. गाडी ठेवून काय तिची पूजा करायची?

तरी पण, खरं सांगू का, दर बाजाराच्या दिवशी मी ताडपत्री काढायची, आत बसायची आणि गाडी नुसती सुरू करून ठेवायची. बॅटरी उतरू नये म्हणून, असं मी सगळ्यांना सांगायची. गाडी जागेवर थरथरायची आणि तिच्यासोबत मी.

गाडी मी चौपन्नाव्या वर्षी शिकले. हे गेले, त्याच्या दुसऱ्या वर्षी. आमची पिठाची गिरणी होती, तेव्हा यंत्राची भीती मला कधी नव्हती. पट्टा घसरायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, ते मला यांच्या आधी कळायचं. गंगाखेडला क्लास लावला. शिकवणारा मुलगा म्हणायचा, काकू क्लच सोडा हळू, आणि मी म्हणायची, अरे बाबा, आयुष्यभर मी सगळं हळूच सोडत आले, आता जरा फटकन सोडू दे. गाडी आली आणि गावातल्या बायांना माझं दार नवीनच दिसलं. कुणाचं पोट दुखलं, कुणाची सून अडली, कुणाला लेकीकडं जायचंय, चला कुसुमकाकूकडं. जाऊबाईंचे गुडघे गेलेले. त्यांना मी बाजाराला न्यायची, आणि त्या मागच्या सीटवर पाय पसरून बसायच्या आणि रस्ताभर मला शिकवायच्या. "येवढ्या जोरात न्हाई चालवायचं. पोरी, बैल असता तर धाप लागली असती." चाळीसच्या पुढं काटा गेलेला नसायचा.

मग आलं ते वर्ष. ते हिवाळ्याचे दिवस, त्यांच्याबद्दलच मला लिहायचंय. बाकीचं सगळं नुसतं आसपास.

दोन वर्षांमागच्या त्या येळवशीला निलू शेतात आली. ही माझ्या बहिणीची मुलगी, पुण्यात गाड्यांचे भाग बनवायच्या कारखान्यात आहे. कडब्याच्या कोपीपुढं, म्हणजे पूजेच्या खोपटापुढं बसून शेंगा-भाज्यांची भज्जी आणि भाकरी खाता खाता तिनं फोनवर एक चित्रफीत दाखवली. वळणावळणाचा काळाभोर रस्ता, माणूस नाही, जनावर नाही, खड्डा नाही. त्यावरून तिची रोजची ऑफिसला जायची गाडी सुसाट चाललेली.

"याला ट्रॅक डे म्हणतात मावशी. आपलीच गाडी न्यायची. पैज नाही, नंबर नाही. नव्या माणसाशेजारी शिकवणारे सर बसतात. पुढच्या आठवड्यात हैदराबादच्या अलीकडं आहे. तू चल. तुझ्या गाडीनं."

जाऊबाईंनी घास थांबवला. "मंजे शर्यत."

"शर्यत नाही हो मोठ्या मावशी. आपल्यासाठी आपणच पळवायची."

"मग पोचायचं कुटं?"

"कुठंच नाही. निघालो तिथंच परत."

"येवढं पेट्रोल जाळून निघाले तितंच? घाण्याचा बैल दुसरं काय करतो? त्याला तर तेल तरी निगतं."

आम्ही इतक्या हसलो की शेजारच्या वावरातली माणसं बघायला लागली. पण जाऊबाई बोलत होत्या तेव्हा आमचाच कार्यक्रम काय चालला होता बघा. कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, मांडलेले, आणि घरातला माणूस आंबिलीचं भांडं घेऊन, ओलगे ओलगे म्हणत, कोपीभोवती फिरत होता. निघाला तिथंच परत. अंधार पडायच्या वक्ताला गवताचा हेंडगा पेटवून पिकाभोवती पळतात, तेही निघाले तिथंच परत. मी जाऊबाईंना तसं म्हटलंही. त्यांनी थांबवलेला घास तोंडात टाकला. मग म्हणाल्या, "हेल्मेट घाल मग. डोक्यात आधीच काय कमी हवा हाय का."

तो आठवडा कसा गेला. गंगाखेडच्या गॅरेजमध्ये मी ब्रेकचं तेल बदलून घेतलं, ब्रेकची पॅडं नवी टाकली. मिस्त्री म्हणाला, काकू, कुठं चाललाव, काशीला? मी म्हटलं, काशीला ब्रेक लागत नाहीत. साडी चालत नाही म्हणून निलूनं पंजाबी ड्रेस दिला. चप्पल चालत नाही म्हणून बूट आणले. लग्नात सुद्धा मी एवढी तयारी केली नव्हती, कारण लग्नाची तयारी माझ्यासाठी दुसऱ्यांनी केली होती. संध्याकाळी जाऊबाई हेल्मेट घालून ओट्यावर बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आतून हाका मारायच्या.

आता ते आठवलं की वाटतं, त्याच आठवड्यात किती वेळा मला कळायला पाहिजे होतं. फाटकाच्या डाव्या खांबाला गाडीचं दार घासलं. मी खांबाला बोलले. डावा आरसा तर त्याच्या आधीच कुणीतरी मोडला होता, कुणी ते मी शोधत होते. चुलीजवळ डाव्या हाताला ठेवलेली दुधाची पातेली मी लाथाडायची आणि जाऊबाई ओरडायच्या, "हितं कोण ठिवतं, असं विचारू नगं, तूच ठिवलीस." आम्ही त्याला म्हातारपण म्हणत होतो. काचबिंदू दुखत नाही हो. खुपत नाही, लाल होत नाही. दाणे भरले की पाखरं आधी धुऱ्यावरची, कडेची कणसं खातात. मध्ये उभं राहिलेल्या माणसाला वावर भरलेलंच दिसतं.

दोन गाड्या घेऊन निघालो. पुढं निलू, मागं मी. तिच्या गाडीच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून तीनशे किलोमीटर गेले आणि वाटलं, काय छान चालवते मी.

सकाळी गाड्यांची तपासणी होती. गाडीत सुटं काही ठेवायचं नाही. मी सगळं काढलं होतं, पायपुसणी, छत्री, समोरचा खंडोबा. तपासणाऱ्यानं डिकी उघडली आणि तो बघतच राहिला. डिकीच्या कोपऱ्यात चिंध्यांच्या चुंबळीवर एक मातीचं केळं, म्हणजे लहानसं मडकं, तोंडाला फडकं बांधलेलं. जाऊबाईंनी मला न सांगता आंबील ठेवली होती. फेऱ्या मारायला चाललीये म्हटल्यावर आंबिलीशिवाय कशी पाठवायची. तीनशे किलोमीटर ते केळं सांडलं नाही, ही माझ्या गाडी चालवण्याची शेवटची तारीफ समजा.

मला शिकवायला मुनीर सर मिळाले. हैदराबादचे, माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान, दाढी पांढरी. त्यांनी फडकं सोडून वास घेतला. "अंबली? अम्मा, मेरी नानी बनाती थी." उभ्या उभ्या दोन पेले प्यायले. माझी भीती तिथंच अर्धी गेली.

मग सगळ्यांना बसवून नियम सांगितले. झेंडे सांगितले. रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी माणसं उभी असतात. पिवळा झेंडा दिसला की पुढं काहीतरी आहे, सांभाळून. निळा दिसला की मागच्याला जाऊ द्या. आणि लाल दिसला की खेळ थांबला. वेग उतरवायचा, कुणाला ओलांडायचं नाही, गपचूप आत यायचं. मी वहीत लिहून घेतलं. सातवी शिकलेली बाई मी, पण वहीत लिहिलेलं विसरत नाही.

पहिल्या फेरीला मुनीर सर शेजारी. मागून एक गाडी आली आणि मी काय करावं? गंगाखेड रस्त्यावर उसाचा ट्रक मागं लागला की करते तेच केलं. डावा दिवा लावला आणि दोन चाकं खाली मातीत घातली. धुरळाच धुरळा.

"नक्को अम्मा, नक्को. रोड नक्को छोड़ो. तुम अपनी लाइन पे च रहो. पीछूवाला अपना देख लेता. बस हाथ दिखाओ, जाओ बोलके."

"मंजे मी बाजूला व्हायचं न्हाई?"

"काहे कू होना? रोड तुम्हारा बी है."

काय सांगू तुम्हाला. चारच शब्द, पण मी ते हेल्मेटच्या आत पुन्हा पुन्हा म्हटले. माहेरी, सासरी, गिरणीत, एसटीत, सगळीकडं मी साईडपट्टीवर उतरत आले. कुणी मागं आलं की आधी दोन चाकं मातीत. आणि हा परका माणूस म्हणतो, रस्ता सोडू नको.

दुसरं त्यांनी शिकवलं ते नजरेचं. "जिधर नजर, उधर गाड़ी. दीवार कू देखे तो दीवार में जाते. मोड़ के पार देखो." मी तसं करायला लागले आणि वळणं आपोआप हातात यायला लागली. प्रत्येक वळणाआधी मी हॉर्न वाजवायची ते मात्र सुटेना. तिसऱ्या वेळी सर म्हणाले, "अम्मा, इधर भैंस नहीं आती." फेऱ्या झाल्यावर गाडी तापते, तेव्हा हॅण्डब्रेक ओढायचा नाही, तापलेलं चाक चिकटून बसतं. चाकाखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा. ब्रेकांचा वास थेट घसरलेल्या पट्ट्याचा, आमच्या गिरणीचा. त्या माळावर, ऊन कलताना, मला यांची आठवण आली. रडू नाही आलं. आठवण आली फक्त.

दुपारनंतर सर म्हणाले, अब अकेले जाओ. चार फेऱ्या. आराम से.

मी एकटी निघाले. पहिली फेरी घाबरत. दुसऱ्या फेरीत एक-दोघांना हातानं जा म्हणाले. रस्ता न सोडता. तिसरी फेरी सुरू झाली आणि काय झालं कुणास ठाऊक, सगळ्या गाड्या नाहीशा झाल्या. पुढं कुणी नाही. आरशात कुणी नाही. सगळा रस्ता माझा. मला वाटलं, बघ कुसुम, सगळे तुझ्यासाठी बाजूला झाले. मोठ्या सरळ रस्त्यावर मी पाय दाबला. गाडीचा आवाज गिरणीच्या आवाजासारखा वर चढला आणि एका सुरावर थांबला. मी वळणाच्या पार बघितलं आणि गाडी तिकडं गेली. परत बघितलं, परत गेली. चौसष्ट वर्षांत मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. न्हाणं आलं, लग्न झालं, बाळंतपण झालं, ते एक लेकरू गेलं, हे गेले. या सगळ्यात माझ्यापुढं मोकळा रस्ता असा कधी पडला नव्हता. मी आत गाणं म्हणत होते. कुठलं ते आठवत नाही.

आत आले तेव्हा सगळ्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या आणि सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, माझं कौतुकच चाललंय. हसत हसत हेल्मेट काढलं. मुनीर सर खिडकीशी आले.

"अम्मा, झंडा नहीं दिखा?"

"कुठला झेंडा?"

"लाल. तीन जगह था. तीनों बायें बाजू."

एक गाडी वळणावर गिरकी खाऊन डाव्या कडेला थांबली होती. म्हणून खेळ थांबवला होता. म्हणून रस्ता मोकळा होता. ती गाडी ओढून आणली, तिच्या मागं तिचा मालक चालत आला. नांदेडचा मुलगा, राखाडी शर्ट. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "काकू, मी दोन्ही हात हलवायलो होतो तुम्हाला. तुम्ही माझ्याकडंच बघून हसत हसत गेलाव."

मी त्याच्याकडं बघितलं नव्हतं. मला तिथं माणूसच दिसला नव्हता. त्याच्यात आणि माझ्या गाडीत एका हाताचं अंतर होतं म्हणे. तो साईडपट्टीवर उभा होता. सकाळची जुनी सवय राहिली असती आणि मी दोन चाकं खाली घातली असती, तर? हा विचार मी दोन वर्षं रोज करते. भाकरी थापताना करते. डोळ्यात औषध टाकून, कोपरा दाबून बसते, तेव्हा करते.

मुनीर सरांनी मला खुर्चीवर बसवलं. "सामने देखो अम्मा. मेरी नाक देखो." आणि आपला हात बाजूला नेला. "कितनी उंगली?"

मी म्हटलं, "सर, हात तर वर करा."

त्यांनी तोच हात हळूहळू माझ्या समोर आणला; बोटं आधीपासून वर होती. मग त्यांनी तळहात पुढं केला. चावी मागितली नाही, नुसता हात पुढं केला. मी चावी ठेवली. परतीचे तीनशे किलोमीटर मी निलूच्या शेजारी, डाव्या बाजूला बसून आले. गाडी मागून तिच्या मित्रानं आणून सोडली. डिकीत केळं होतं, रिकामं, धुऊन ठेवलेलं.

परभणीला डोळ्याच्या डॉक्टरांकडं एक यंत्र असतं. पांढऱ्या घमेल्यात तोंड घालून बसायचं. आत बारीक दिवे लागतात, दिसला दिवा की बटण दाबायचं. मी दाबलं, दाबलं, मग बराच वेळ काही लागेना. मी म्हटलं, पोरी, यंत्र बंद पडलं का? ती मुलगी हळूच म्हणाली, "चालू हाय मावशी." मग एक कागद निघाला. करपलेल्या भाकरीसारखा. डावा डोळा बराचसा काळा, उजव्याला कडेनं करप लागलेली. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. राहिलेलं धरून ठेवायचं.

दोन वर्षं थेंब टाकले, एक दिवस चुकवला नाही. यंदाच्या कागदावर काळं वाढलंय. म्हणून गाडी द्यायची.

लोक म्हणतात, बरं झालं बाई, वेळेवर कळलं, कुणाचा जीव गेला नाही. खरं आहे. मी पण मान डोलावते. पण मनातलं कुणाला सांगू? ज्या बायांना मी मागच्या सीटवर घेऊन फिरले, त्यांना घेऊन जाताना मी कडेचं काय काय न बघता गेले? कोण उडी मारून बाजूला झालं? कुणाच्या शेळीनं, कुणाच्या लेकरानं मला वाचवलं? आणि दुसरं तर त्याहून वाईट. माझ्या जन्मातला सगळ्यात मोकळा रस्ता मोकळा नव्हताच. तो थांबवलेला होता. मला तेवढं एकच सुख आठवायला होतं, आणि ते आठवलं की त्यात तो मुलगा दोन्ही हात हलवत उभा असतो. आता मी त्याला काढू शकत नाही. जे तेव्हा दिसलं नाही, तेवढंच आता दिसतं.

काल येळवस झाली. आंबील मीच केली. कोपीभोवती फिरायची पाळी जाऊबाईंनी माझ्यावर टाकली, आणि गुडघे धरत माझ्या डाव्या अंगाला चालत राहिल्या. एरवी दहा पावलांत बसणारी बाई. "धुरा हाय. ढेकूळ हाय. हितं तुरीचं खुट हाय." मी म्हटलं, "बाई, मला दिसायलंय." त्या म्हणाल्या, "दिसंना का, मी सांगायले न्हवं." फेरी पुरी झाली. निघालो तिथंच परत. ज्वारीत वारा शिरला, आणि माझ्या डाव्या बाजूला नुसता आवाज हलत होता.

आज सकाळी निलू गंगाखेडला रेल्वेनं उतरून आली. ताडपत्री काढली, घडी केली. तिनं विचारलं, "मावशी, गावाबाहेरपर्यंत बसतेस का शेजारी?"

मी नको म्हटलं.

गाडी सुरू झाली. बॅटरी उतरली नव्हती, तेवढं मी केलं होतं. जाऊबाईंनी डिकीत केळं ठेवलं, यावेळी सांगून. मी अंगणात समोर बघत उभी राहिले. गाडी माझ्या पुढून गेली, फाटकातून बाहेर पडली आणि डावीकडं वळली.

"हात हलवायली बघ निलू," जाऊबाई म्हणाल्या. त्यांना ती बराच वेळ दिसत होती. पिंपळापर्यंत, मग शाळेपर्यंत. त्या सांगत होत्या.

मान वळवली असती तर मलाही दिसली असती. मी वळवली नाही.